तिरंगा हातात घेऊन चालत निघा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा संध्याकाळी केंद्राचं शटर ओढत होतो तेवढ्यात मावशीचा फोन आला. "बाप्पा, घरी ये बरं जरा. पोराचं नाव कुठीच लिवू देऊ नोको म्हनते याच्यात. अन् साठ हजार भराव लागते म्हनते." गाडी काढली आणि गेलो. दारव्हा तालुक्यातलं गाव, दहा किलोमीटर. मावशी ओसरीत मोबाइल घेऊन बसलेली आणि पुढ्यात रुमालात बांधलेला सोयाबीनचा चुकारा. ते पैसे दुसऱ्या दिवशी कुठल्याशा नंबरवर टाकायचे होते.

तिचा मुलगा इराकात बसऱ्याला वेल्डर आहे. आठवी पास, आयटीआय केलेला, जाऊन दोन वर्षं झाली. बातम्यांत इराकचं नाव आलं की तिची रात्र डोळ्याला डोळा न लागता जाते. अशात हा मेसेज तिच्या बचत गटाच्या ग्रुपवर आला. त्यानंतर तो मला आणखी चार ग्रुपवर दिसला, म्हणजे तो किती घरांत पोचला असेल याचा अंदाज करा.

मेसेज म्हणतो: परदेशात दंगल किंवा युद्ध पेटलं तर, एक, भारतीय दूतावासात नाव नोंदवू नका, व्हिसा संपलेला असेल तर तेच पोलिसांना कळवतात. दोन, पासपोर्ट कंपनीकडं असेल तर तो मिळेपर्यंत जागा सोडू नका, पासपोर्टशिवाय भारत घेत नाही. तीन, तिरंगा हातात धरून सरळ विमानतळाकडं किंवा सीमेकडं चालत निघा, भारतीयावर कोणी गोळी झाडत नाही, आपल्यासाठी युद्ध थांबवतात. चार, सरकार नंतर दोन लाखांचं बिल पाठवतं, सातबाऱ्यावर बोजा चढवतं. पाच, सुटकेच्या यादीत नाव हवं असेल तर खालच्या नंबरवर साठ हजार पाठवा. सहा, सरकार विद्यार्थी आणि पैसेवाल्यांनाच आणतं, मजुराला कोणी विचारत नाही.

मी सेवा केंद्र चालवतो. पासपोर्टचे अर्ज भरून देणं हे माझं रोजचं काम. या मेसेजवर विश्वास ठेवला असता तर मावशीचे साठ हजार गेले असते आणि वेळ आली असती तर पोरगाही गेला असता. म्हणून क्रम सोडून, जो मुद्दा सगळ्यात घातक आहे त्याच्यापासून सुरू करतो.

तो तिसरा. तिरंगा घ्या आणि चालू लागा.

१५ एप्रिल २०२३ ला सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, तिथलं सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. पहिल्याच दिवशी लढाई पेटली ती विमानतळावर. म्हणजे हा मेसेज ज्या दिशेनं चालत जा म्हणतो, नेमकी तिथं. त्याच लढाईत एका भारतीय माणसाला गोळी लागली. तो रस्त्यावर नव्हता, मोर्चात नव्हता. राहत्या घरात खिडकीजवळ बसून फोनवर बोलत होता. भरकटलेली गोळी आत आली आणि माणूस गेला. त्या गोळीला त्याचा देश माहीत नव्हता.

आता झेंड्याचं. आपला तिरंगा रोज जिथं फडकत होता ती जागा म्हणजे खार्तूममधला भारतीय दूतावास, आणि तो विमानतळाच्या जवळच होता. लढाई सुरू झाल्यावर आपल्या अधिकाऱ्यांना त्या इमारतीत बसता आलं नाही. ते शहरात दुसऱ्या ठिकाणांहून काम करत राहिले. पुढं मे महिन्यात दूतावासच तात्पुरता पोर्ट सुदानला हलवावा लागला. झेंड्यानं गोळी अडत असती तर दूतावासाला स्वतःची इमारत का सोडावी लागली असती? हा एकच प्रश्न मेसेज पुढं पाठवणाऱ्यांनी स्वतःला विचारावा. त्या दिवसांत दूतावास लोकांना सांगत होता की घरातच थांबा, बाहेर पडू नका. बरोबर उलटं.

मग ती माणसं सुटली कशी? २४ एप्रिलला भारतीयांना बाहेर काढायची सरकारी मोहीम, ऑपरेशन कावेरी, सुरू झाली. खार्तूमहून पोर्ट सुदान बंदर सुमारे ८५० किलोमीटर. आपल्याकडचं सांगायचं तर नागपूरहून जुन्या रस्त्यानं मुंबई गाठण्याएवढं. मधे वाळवंट आणि दोन्ही बाजूंच्या चौक्या. एवढं अंतर कोणी झेंडा घेऊन पायी गेलं नाही. बस ठरवल्या, डिझेल शोधलं, कुठल्या वस्तीतून किती माणसं उचलायची ते ठरवलं, आणि गाड्या तांड्यानं काढल्या. बंदरावर नौदलाची सुमेधा, तेग, तरकश ही जहाजं. तिथून सौदीतलं जेद्दा, आणि जेद्दाहून विमानानं दिल्ली, मुंबई, बंगळुरू. ज्यांना बंदरापर्यंत पोचणंच शक्य नव्हतं अशा १२१ जणांसाठी हवाई दलाचं सी-१३० विमान २७ एप्रिलच्या रात्री खार्तूमच्या उत्तरेला वादी सय्यिदना इथल्या धावपट्टीवर उतरलं. पट्टी खराब, दिवे नाहीत, इंधन नाही. वैमानिक अंधारात पाहण्याचे चष्मे लावून उतरले. त्या १२१ जणांत आजारी होते, एक गरोदर बाई होती. ५ मेपर्यंत एकूण ३,८६२ माणसं बाहेर काढली गेली, त्यासाठी हवाई दलाच्या १७ फेऱ्या आणि नौदलाच्या ५ फेऱ्या झाल्या.

'युद्ध थांबवतात' हेही तपासा. सुदानमध्ये ७२ तासांची युद्धबंदी झाली ती अमेरिका आणि सौदी अरेबियाच्या मध्यस्थीनं, आणि तीसुद्धा धड पाळली गेली नाही. आपल्या लोकांनी मिळालेल्या फटीतून माणसं काढली. मोठेपण त्यात आहे. ते सोडून न घडलेल्या चमत्काराची गोष्ट सांगणं म्हणजे बस मिळवणाऱ्या, रात्री विमान उतरवणाऱ्या माणसांची मेहनत पुसून टाकणं आहे.

झेंड्याच्या गोष्टीत एक अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थ्यांना काढताना वाहनांवर तिरंगा ठळक लावा असं आपल्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं, आणि चौक्यांवर त्याचा उपयोग झाला. पण तो ठरलेल्या मार्गावर निघालेल्या बसला लावलेला झेंडा होता. त्याच युद्धात १ मार्चला खार्किव्हमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला आपला एक विद्यार्थी गोळाबारात मारला गेला. आणि भारतीयांसाठी बॉम्बहल्ले थांबवले ही बातमी चुकीची आहे, असं ३ मार्चला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनीच पत्रकारांसमोर सांगितलं. सरकार स्वतः नाही म्हणतं आणि आपले ग्रुप अजून हो म्हणतात.

आता पहिला मुद्दा, नाव नोंदवू नका. मावशीनं हा मुद्दा वाचून पोराला फोनवर बजावलं होतं, "कोनी नाव इचारलं तं सांगू नोको." मला सगळ्यात जास्त संताप याचा आला.

मावशीचा मुलगा इराकात आहे, म्हणून इराकचंच सांगतो. जून २०१४ मध्ये इराकच्या मोसूल शहरात आयसिस या दहशतवादी संघटनेनं ४० भारतीय कामगारांना पकडलं. बहुतेक पंजाबचे, सगळे पोटासाठी गेलेले. एक निसटला. बाकी ३९ जणांच्या घरच्यांनी जवळपास चार वर्षं आस लावून काढली, आणि मार्च २०१८ मध्ये तेव्हाच्या परराष्ट्र मंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं की ते मारले गेले आहेत. शवपेट्या घेऊन आलेले राज्यमंत्री व्ही. के. सिंह तेव्हा म्हणाले होते की या लोकांची कुठल्याच दूतावासात नोंद नव्हती, ते बेकायदा एजंटांमार्फत गेले होते. त्या बोलण्यानं घरच्यांना फार लागलं असेल, आणि नोंद असती तर ते वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. पण संकट येतं तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो: आपली माणसं किती आणि कुठं? सुदानमध्ये सुरुवातीला सरकारचा अंदाज होता सुमारे २,८०० भारतीय नागरिक आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले १,२०० भारतीय वंशाचे लोक. परराष्ट्र सचिवांनी २७ एप्रिलला सांगितलं तेव्हा सुमारे ३,१०० जणांनी दूतावासाकडं ऑनलाइन नोंदणी केली होती आणि आणखी ३०० जण संपर्कात होते. बस किती लागतील, जहाजाच्या फेऱ्या किती, हे या नोंदींवरून ठरतं. ज्याचं नाव नाही त्याच्यासाठी बसमधली जागा कोण धरणार?

राहिलं पोलिसांना कळवण्याचं. दूतावास हे आपल्या देशाचं कार्यालय आहे, तिथल्या पोलिसांचं ठाणं नाही. व्हिसा संपला असेल तर देश सोडताना तिथलं सरकार दंड मागू शकतं, हे खरं. पण कामगाराची चूक नसेल तर असा छोटा दंड भरायची सोयसुद्धा भारतीय समुदाय कल्याण निधीत आहे. हा निधी २००९ मध्ये सुरू झाला आणि आता प्रत्येक दूतावासाकडं असतो. अडकलेल्याचं खाणं-राहणं, उपचार, परतीचं तिकीट, संघर्षातून सुटका, सगळं त्यात बसतं. लपून राहिलेल्या माणसापर्यंत तो पोचणार कसा?

पासपोर्टचा मुद्दा एका दमात संपतो. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, कंपनीची नाही. तो हाती नसेल तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, त्यावर एकदा मायदेशी येता येतं. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाचा फोटो घरच्यांकडं असला तर हे काम लवकर होतं. इमारत जळत असताना मॅनेजरच्या कपाटाची वाट पाहत बसू नका.

साठ हजार. ही चोरी आहे. सुटकेची यादी विकत मिळत नाही, कधीच मिळाली नव्हती. कायद्यानं नोंदणीकृत एजंटसुद्धा परदेशात नोकरी लावून द्यायचे कामगाराकडून ३० हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. मावशीच्या पोराला पाठवणाऱ्या एजंटानं सव्वा लाख घेतले होते, पावती न देता. त्या घरातून पुन्हा साठ हजार काढायला निघालेल्याला माणूस म्हणावं का? कोणी पैसे पाठवले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात जातात.

बिलाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. २०२० मध्ये कोरोनात वंदे भारत मोहिमेच्या विमानांनी लोक आणले तेव्हा भाडं घेतलं होतं. लंडनहून मुंबईला ५० हजार. तो राग लोकांच्या मनात आहे आणि तो खोटा नाही. पण सुदानमधून आणलेल्यांकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. सातबाऱ्यावर बोजा चढवण्याची गोष्ट तर धादांत खोटी. शेतकऱ्याला कशानं धडकी भरते हे माहीत असलेल्या माणसानं ती घातली आहे.

शेवटचा मुद्दा, मजुराला कोणी विचारत नाही. १९९० मध्ये कुवेतवर इराकनं हल्ला केला तेव्हा एअर इंडियानं ५९ दिवसांत ४८८ विमानं उडवून जॉर्डनच्या अम्मानहून एक लाखाहून जास्त भारतीय आणले. ते सगळे पैसेवाले होते का? २०११ मध्ये लिबियातून पंधरा हजारांवर माणसं आणली, त्यांत बांधकामावरचे मजूर किती होते ते तेव्हाचे फोटो पाहिले तरी कळतं. पण हेही खरं की केरळात परदेशी गेलेल्यांसाठी नोर्का हे स्वतंत्र खातं १९९६ पासून आहे आणि सुदानहून आलेल्या आपल्या लोकांना विमानतळावरून घरी न्यायची जबाबदारी त्या राज्यानं घेतली. आमच्या तालुक्यात पोरगा बाहेर अडकला तर आईनं कुठल्या टेबलापुढं उभं राहायचं, हे मला आजही एका वाक्यात सांगता येत नाही. मी स्वतः मागं एका पोरासाठी तीन कार्यालयं फिरलो आणि तिन्हीकडून पुढं पाठवला गेलो. ही तक्रार खरी आहे आणि ती जोरात करायला हवी. ती खोट्या मेसेजमध्ये कालवली की खरी तक्रारही खोटी वाटू लागते.

त्या रात्री मावशीच्या ओसरीत बसूनच पोराला व्हिडिओ कॉल लावला. पासपोर्ट कंपनीकडं, पण फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. तो मागवून घेतला. बगदादच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरचा अर्ज त्याच्याकडून तिथंच भरून घेतला, कॅम्पचा पत्ता नीट लिहायला लावला. प्रवासी भारतीय विमा योजनेचं विचारलं तर त्याला नावही माहीत नव्हतं. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. त्याच्यासारख्या दहावी न झालेल्या, ईसीआर पासपोर्टवाल्याला, म्हणजे ज्याला ठरावीक देशांत कामाला जायला सरकारी परवानगी लागते त्याला, जाण्याआधी हा विमा सक्तीचा असतो. एजंटानं त्याला भेटीच्या व्हिसावर पाठवून ही सगळी वाटच चुकवली होती. मावशीला प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा फुकटचा नंबर, १८०० ११ ३०९०, मोठ्या अक्षरात लिहून दिला. तिनं तो कॅलेंडरच्या मागं चिकटवला आणि रुमालातले पैसे पेटीत ठेवले.

फोन ठेवताना पोराला विचारलं, तुझ्या खोलीत आपले किती? त्याला धरून सात, म्हणाला. नोंदणी कितींची? "कोनाचीच नाई दादा. म्हया मोबाइलवरच आला होता तो मेसेज, म्याच सगळ्याइले दाखवला." त्याला सांगितलं, आता त्यांना हे दाखव. काल रात्रीपर्यंत तिघांचे अर्ज भरून झाल्याचं त्यानं कळवलं आहे. उरलेल्या तिघांसाठी मी आज पुन्हा फोन लावणार आहे.