पाटीवरची मराठी आणि नववा प्रश्न

1 नोव्हेंबर आला की बेळगावच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काळ्या दिवसाचे फोटो आणि पाठोपाठ कर्नाटकातल्या पाट्यांवरच्या 60 टक्के कन्नडच्या सक्तीवरून भांडण. त्यात एका काकांनी ठोकून दिलं, "डिप्रेशन हा तिकडे परदेशातल्या एकट्या माणसांचा आजार. आपली घरं भरलेली."

काका, भरल्या घरातच तर ग्यानबाची मेख आहे. पीएचक्यू-9 घ्या, म्हणजे डिप्रेशन आहे का ते चाचपायची प्रश्नावली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27. बेरीज 10 झाली की पुढची चौकशी. खानापूरकडची बाई म्हणते, "जीव कसनुसा होऊलाय, पोटात गोळा उठतोय." डॉक्टर कन्नड, मध्ये दुभाषी सून. पोटाचं तेवढं पोचतं, ॲसिडिटीची गोळी मिळते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो सुनेनं सासूला विचारायचा? सूनच परस्पर "तसलं काय नाही" म्हणते आणि 0 पडतो. खरं तर तिथं 1 जरी आला तरी बेरीज न बघता थांबून विचारायचं असतं.

इथं इंग्लंडात, लेस्टरला, जीपीकडे (म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे) घरच्यांना दुभाषी म्हणून सहसा बसवत नाहीत, फोनवर तिसरं माणूस येतं. टॉकिंग थेरपीला, म्हणजे बोलून करायच्या उपचारांना, आपलं आपण नाव घालता येतं. (रांग किती, ते ग्रुपवर मी लिहीत नाही.)

तिकडे भारतात काहीच नाही असंही नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 2022 पासून आहे, मराठीतही बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर संमती घेताना रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती द्या, असं लिहिलंय. परिपत्रकं मराठीत हवीत, ही मागणी रास्तच. पण मनोविकाराच्या ओपीडीत मराठी दुभाषी हवा, हे ग्रुपवर कुणाच्या तोंडी नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं होती. सीमेवरून भांडणारी आपली दोन्ही त्यात नव्हती, त्याचाही कुणाला राग नाही.

आता आमचं. जीपीच्या फॉर्मवर भाषेचा रकाना असतो. पाट्यांसाठी ग्रुपवर तावातावानं लिहिणारे आम्ही तिथं इंग्रजी टाकतो. दुभाषी ओळखीतला निघाला तर बोभाटा व्हायचा, ही धास्ती. आणि पुण्याची कुणी निघाली, तर "होऊलाय" ऐकून हसेल, ही त्याहून मोठी.