डोळ्यांतली उष्णता

चष्म्याची काडी ढिली झाली होती. तक्रार एवढीच. बिजागरीतला स्क्रू आवळून घ्यावा म्हणून काल संध्याकाळी ऑफिसातून येता येता लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या मुलानं अर्ध्या मिनिटात स्क्रू आवळला. पैसे नकोत म्हणाला, फक्त बिलासाठी मोबाईल नंबर मागितला. शून्य रुपयांच्या बिलाला नंबर कशाला, हे विचारायच्या आत मी तो सांगून मोकळा झालो होतो. चष्मा मात्र त्यानं परत दिला नाही.

"काका, स्क्रीन टाइम किती?"

मी जीएसटीची विवरणपत्रं भरणारा माणूस. महिन्याची २० तारीख जवळ आली की मी आणि ते पोर्टल दिवसभर एकमेकांकडे बघत बसतो. त्यातला निम्मा वेळ पोर्टलच माझ्याकडे बघतं, कारण मधोमध एक चकती गरागरा फिरत असते आणि मला करण्यासारखं काही नसतं. "असेल दहा-बारा तास," मी म्हणालो.

त्यानं माझा चष्मा ट्यूबलाइटकडे धरला आणि डॉक्टर एक्स-रे बघून काढतात तसा "च्च" असा आवाज काढला. "यात ब्लू कट नाहीये, म्हणजे निळा लाइट अडवणारी काच. बापरे. सर, रेटिना खलास होतो याच्यानं!"

काकाचा सर झाला होता. स्क्रू आवळायचा असेल तोवर माणूस काका. काच बदलायची शक्यता दिसली की सर.

मग ड्रॉवरमधून तो निळा पेन निघाला. चष्म्याच्या प्रत्येक दुकानात हा पेन असतो, आणि सोबत एक पांढरं कार्ड. साध्या काचेतून पेन मारला की कार्डावर निळा ठिपका पडतो, ब्लू कटमधून मारला की पडत नाही. आता माझा नंबर उणे सहा. चष्मा त्याच्या हातात. मला त्या क्षणी कार्ड तर सोडाच, तो मुलगाही अंदाजानंच दिसत होता.

"बघा सर, साध्या काचेतनं निळा लाइट आरपार. आता ही आपली प्रीमियम. दिसला लाइट?"

"नाही."

"हेच तर! दिसणारच नाही!"

मला संताप या गोष्टीचा आला, की हा पेन मी ओळखून आहे. त्याचा उजेड ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्याच्या काठावरचा. मोबाईलच्या पडद्यातला निळा सगळ्यात जोरात असतो तो ४५० च्या जवळपास. पेनवाला उजेड अडवणं सोपं. पडद्यावाला पुरता अडवायचा तर काच पिवळीजर्द करावी लागेल, आणि तसला चष्मा घालून कोण लग्नाला जाईल? म्हणून बहुतेक ब्लू कट काचा त्यातला १० ते २५ टक्केच रोखतात. म्हणजे ठिपका जातो तो पेनचा. पडद्याचा उजेड बराचसा आपल्या डोळ्यांत येतोच.

हे मी त्याला सांगितलं. वर हेही सांगितलं, की २०२३ साली वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी या काचांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांचा शीण कमी होतो असं त्यातून दिसलं नाही. आणि ब्रिटनमध्ये एका बड्या चष्मेवाल्या साखळीला असल्याच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीपायी २०१७ मध्ये ४०,००० पौंड दंड झाला.

"ते फॉरेनचं, सर. आपल्याकडं ऊन किती असतं!"

"अरे, मग उन्हाचंच बोल ना. दिवसाच्या उजेडातून जेवढा निळा डोळ्यांत जातो, त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढा पडद्यातून येतो."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "मग सर, गॉगलपण दाखवू?"

इथे मागच्या खुर्चीतून आवाज आला. "अरे बाळा, डोळ्यांचा आजार डोळ्यांत नसतो. तळपायात असतो."

चष्मा नसल्यानं मला फक्त एक मोरपंखी रंगाचा आकार दिसला. त्याच्या मांडीवर तुळशीबागेतल्या खरेदीच्या तीन-चार पिशव्या.

"काय म्हणालात, आजी?" मुलानं विचारलं.

"आजी कुणाला म्हणतोस?"

"सॉरी, काकू."

काकूंनी एका पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली आणि काउंटरवर ठेवली. काशाची वाटी. नुकतीच घेतलेली. ही उष्णता आहे, त्या म्हणाल्या. दिवसभर स्क्रीन बघून डोळ्यांत साठते. रात्री तळपायाला तूप लावायचं आणि या वाटीनं घासायचं, पायाला एक पंधरा मिनिटं. पाय काळेठिक्कर पडतात. ते काळं म्हणजेच उष्णता. त्यांचा मुलगा हिंजवडीला आहे. त्याचे पाय पहिल्या दिवशी इतके काळे झाले, की सूनबाईंनी चादर टाकून दिली.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"त्याचे ना? चुरचुरतात अजून. रोज कुठे करतो तो! सांगून ऐकतात का?"

मुलगा वाटीकडे आदरानं बघत होता. धंद्यातला माणूस दुसऱ्याचा माल असाच बघतो. दोघांत आता जी चर्चा सुरू झाली तिच्यात पेशंट मी होतो, पण माझं मत कुणाला नको होतं. "यांची उष्णता जास्त आहे, डोळे बघ कसे लाल," असं काकू. "ती उष्णता नाय काकू, ब्लू लाइट आहे," असं मुलगा. "तोच तो," असं काकू. कितीला पडते काच? अठराशेपासून पुढं. वाटी कितीला? ते काकूंनी सांगितलं नाही, पण काचेपेक्षा स्वस्त आणि नातवंडांपर्यंत टिकते, वर कोशिंबिरीला चालते.

"पायाला घासल्यावर?" मुलगा म्हणाला.

"धुऊन रे!"

मी म्हणालो, "काकू, कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपातली आम्लं त्याला लागली, वर घर्षण झालं, की काळं येणारच. आयुष्यात मोबाईल न बघितलेल्या माणसाचा पायसुद्धा काळा होईल."

"होईलच. त्याला उन्हाची उष्णता!"

याला उत्तर नाही. कुणाच्याही पायावर घासा, काळं येतं. कुणाच्याही ब्लू कट काचेतून पेन मारा, ठिपका जातो. दोन्ही प्रयोग दर वेळी यशस्वी. फक्त डोळ्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ही बारीकशी अडचण आहे.

खरं कारण मला मागेच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. इतकं साधं, की फी देताना जिवावर आलं. "तुम्ही पापण्या मिटत नाही," त्या म्हणाल्या. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी लववतो. पडद्यापुढे बसला की पाच-सात वेळाच, आणि तीही अर्धवट, कामचुकारपणे. डोळ्यावरचा पाण्याचा पातळ थर सुकतो, त्यात वरून एसीचा झोत. शिवाय जवळचं बघायला डोळ्यातला स्नायू दिवसभर आखडून बसलेला. उजेड निळा की भगवा याच्याशी त्या चुरचुरीचं देणंघेणं नाही.

दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसले, तेव्हा तिनं देव कसे ओळखले? त्यांना घाम नव्हता, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि पापण्या लवत नव्हत्या. आमच्या ऑफिसात २० तारखेच्या आदल्या दिवशी दमयंती आली तर हार कुणाला घालावा या विचारानं वेडी होईल. एसीत घाम नाही, खुर्च्या उंच म्हणून पाय अधांतरी, आणि अख्खी रांग पोर्टलकडे टक लावून. देवत्वाचा एवढा पुरावा असून पगारवाढ तीन टक्के.

डॉक्टरांनी उपाय दिला तोही फुकटातला. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा. माझ्या टेबलापासून वीस फुटांवर साहेबांची केबिन आहे. दर वीस मिनिटांनी साहेबांकडे वीस सेकंद रोखून बघणारा कर्मचारी कुठल्या कंपनीत टिकतो, हे डॉक्टरांना कुणी सांगायचं? खिडकी आहे, पण तिला फिल्म लावलीय, पडद्यावर चकाकी येते म्हणून. या सगळ्यावर ऑफिसनं गेल्या आठवड्यात 'डोळ्यांची निगा' या विषयावर दीड तासाचं वेबिनार ठेवलं. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू.

आणि ऑफिसबाहेर तरी सुटका कुठे आहे? निळा एलईडी शोधला म्हणून तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, रास्तच मिळालं. त्या निळ्यावर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड होतो, वीज वाचते. पण तो उजेड चौकातल्या होर्डिंगवर रात्री अकरा वाजता भर दुपारसारखा पेटवून कुठल्या बिल्डरची वीज वाचते? समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर माझ्या उणे सहाच्या काचेत फुटतो तेव्हा मी अंदाजानं दुचाकी चालवत असतो, आणि रोज रात्री अशी अंदाजानं चालणारी हजारो माणसं या शहरात एकमेकांच्या अंगावर येत असतात. त्यावर कुठलं कोटिंग आहे? कर भरतो, बँक मोबाईलवर, पोराचा गृहपाठ मोबाईलवर, सोसायटीची सभा मोबाईलवर. सगळं पडद्यावर ढकलायचं यांनी, आणि डोळे चुरचुरले की अठराशे रुपये द्यायचे आम्ही.

असो. दुकानात तोवर गोष्टी बऱ्याच पुढे गेल्या होत्या.

"खरं सांगू का काकू," मुलगा हळूच म्हणाला, "संध्याकाळी माझेपण लय चुरचुरतात." त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर ब्लू कट होता. स्टाफला निम्म्या किमतीत मिळतो म्हणे.

"काढ बूट," काकू म्हणाल्या.

तूप नव्हतं. पिशवीतून खोबरेलाची बाटली निघाली. मुलगा ट्रायलच्या स्टुलावर बसला, काकूंनी त्याच्या हातात वाटी देऊन घासायची दिशा शिकवली, आणि पाचेक मिनिटांत त्याचा तळवा तव्याच्या रंगाचा झाला.

"आयला," तो म्हणाला, "एवढी उष्णता?"

"बारीक वयात!" काकू हळहळल्या.

एवढ्यात एक तरुण जोडपं आत आलं. "या या, सर," म्हणत मुलगा एका पायावर लंगडत काउंटरकडे गेला, तेलकट हातानं पेन उचलला आणि त्यांना कार्ड दाखवायला लागला. काकूंनी वाटी पुसून पुन्हा कागदात गुंडाळली, पण पिशवीत ठेवली नाही. माझा चष्मा मी चाचपडत शोधला, डोळ्यांवर चढवला आणि निघालो. काचेवर खोबरेलाचे ठसे होते.

रात्री मुद्दाम लवकर पडलो. झोप लागते न लागते तोच अंधारात उशाशी भक्कन उजेड पडला. त्याच दुकानाचा मेसेज: 'डिअर सर, आपल्या डोळ्यांची काळजी आम्हाला! ब्लू कटवर २० टक्के सूट, फक्त आज रात्री बारापर्यंत.' तेव्हा अकरा चाळीस झाले होते. खाली एक व्हिडिओ होता, पेनचा. या वेळी चष्मा लावून, पापणी न लववता, शेवटपर्यंत बघितला. मग दोन वाजेपर्यंत जागा होतो.