शेपटीचा माणूस

नागपूरकराचे चढाशी असलेले नाते फार तर उड्डाणपुलापुरते असते. ‘टेकडीवर जाऊन येतो’ असे आमच्याकडे कोणी म्हटले, तर तो रेल्वे स्टेशनजवळच्या टेकडी गणपतीला निघाला आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातले चढण्याचे श्रम इतके किरकोळ असतात की प्रसादाच्या एका पेढ्याने ते भरून निघतात. गावातली दुसरी नाव घेण्याजोगी टेकडी सीताबर्डीची. तिच्यावर 1817 च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली आणि आज तिथला किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. उंचवटे लष्कराकडेच असावेत, असे माझ्या गुडघ्यांचेही मत आहे.

तरीही डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे मी रामटेकच्या अंबाळा तलावाकाठी, थंडीने कुडकुडत, अनोळखी पंचवीस माणसांबरोबर हातपाय ताणण्याचे व्यायाम करीत उभा होतो. मुलीने माझे नाव परस्पर नोंदवले होते आणि आठशे रुपये माझ्याच खात्यातून भरले होते. रामटेक मला नवीन नव्हते. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या या गडावर मी लहानपणापासून असंख्य वेळा गेलो आहे; मात्र शहाण्या माणसाप्रमाणे गाडीने, वरच्या पार्किंगपर्यंत. तोच गड डोंगराच्या धारेवरून अर्धा दिवस पायपीट करून का गाठायचा, या माझ्या प्रश्नावर मुलगी फक्त माझ्या पोटाकडे बघून हसली.

अशा पदयात्रेत सर्वांच्या पुढे लीडर असतो आणि सर्वांच्या मागे ‘स्वीप’ नावाचा एक इसम असतो, ज्याचे काम मागे पडलेला माल गोळा करीत आणणे हे असते. पहिल्या चढावरच त्या दिवशीचा माल म्हणजे एकटा मीच, हे स्पष्ट झाले. आमचा स्वीप इंजिनिअरिंगला शिकणारा, अत्यंत सालस मुलगा होता. नियमाने त्याला माझ्या पुढे जाता येत नव्हते. त्यामुळे मी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने थांबलो की तोही थांबायचा, आणि न्हाणीघराबाहेर ताटकळणारा माणूस जसा छताकडे बघतो, तसा सागाच्या झाडांकडे बघत राहायचा. ‘काका, काही घाई नाही जी,’ असे तो दर पाच मिनिटांनी म्हणे. किती उरले असे विचारले, की दर वेळी एकच उत्तर मिळे : ‘बस, दहा मिनिटं.’

शेवटच्या माणसाचे खरे दुःख मात्र दमण्याचे नसते. पुढची मंडळी एखाद्या सावलीत पोचतात, बसतात, पाणी पितात, लीडर त्यांना माहिती सांगतो, आणि सगळ्यांचा दम पुरता जिरतो, त्याच क्षणी मी तिथे उगवतो. मला पाहताच लीडर आनंदाने टाळी वाजवून म्हणतो, ‘आले सगळे! चला!’ म्हणजे माझे येणे हीच इतरांच्या उठण्याची घंटा. शिवाय माहितीची फक्त शेपटे माझ्या वाट्याला आली. पहिल्या थांब्यावर मी ऐकले ते एवढेच : ‘...म्हणून मुलं लहान असताना तिनेच राज्य चालवलं. चला!’ ती कोण, या विचारात मी पुढचा सगळा चढ चढलो. अखेर स्वीपने दया येऊन सांगितले, की ती वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि तिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामीच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या देवाच्या, पावलांचा उल्लेख आहे. दुसऱ्या थांब्यावर, ‘...आणि तो बिचारा ढगाशीच बोलत बसला. चला!’ इथे मात्र मदतीची गरज पडली नाही. कालिदासाच्या यक्षाला एक वर्षाची शिक्षा झाली होती आणि ती त्याने याच डोंगरावर भोगली, असे आम्ही विदर्भातले लोक अभिमानाने मानतो. माझी शिक्षा एकाच दिवसाची होती, पण यक्षाला आठशे रुपये भरावे लागले नव्हते. घरी निरोप धाडावा म्हणून मीही वर पाहिले. डिसेंबरच्या आभाळात ढगाचा टिपूस नव्हता आणि मोबाइलला रेंज नव्हती. तिसऱ्या थांब्यावर संत्रा बर्फीचा डबा माझ्यापर्यंत आला. डबा सुबक होता.

मोज्यांत रुतलेली कुसळे काढण्यासाठी धारेवरच्या एका खडकावर टेकलो, तेव्हा प्रथमच मान वर झाली. घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो डोंगर, त्याच्या कुशीत अंबाळ्याचे पाणी आणि काठावरची देवळे, दूरवर खिंडसी तलावाचा चकाकणारा पत्रा, आणि त्यापलीकडे धुक्यात विरघळत गेलेली सपाट, अगदी माझ्या मनासारखी सपाट, शेतजमीन असे सगळे एकदम दिसले आणि मी, खरे सांगायचे तर, थोडा वेळ गुडघे विसरलो. तेवढ्यात एका वानराने माझ्या पिशवीतले एकमेव संत्रे उचलले आणि समोरच बसून माझ्यापेक्षा नीट सोलून खाल्ले. स्वीप झाडांकडे बघत राहिला.

दुपारी एकदाचा गड आला. पार्किंगमध्ये गाड्यांतून उतरणारी सहकुटुंब मंडळी माझ्या कुसळभरल्या पँटकडे कुतूहलाने पाहत होती; एका आजींनी तर नवस पायी फेडलात का, असे आदराने विचारले. मी ‘हो’ म्हटले. वराहाच्या त्या भल्यामोठ्या दगडी मूर्तीपाशी गट थांबला होता. तिच्या पोटाखालून भाविक सरपटत जातात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मी बूट काढले आणि पोटावर आडवा झालो. अर्ध्यावर पोचलो आणि ध्यानात आले, की खालचा दगड गार आहे, वर सावली आहे, आणि इथून मला कोणीही हाकलू शकत नाही. मी गाल दगडाला टेकवून डोळे मिटले.

बाहेर टाळी वाजली. ‘आले सगळे! चला!’ मग शांतता. मग लीडरचे बूट माझ्या डोळ्यांसमोर येऊन थांबले आणि त्याने खाली वाकून काळजीने विचारले, ‘काका, अडकले का जी? अजून किती वेळ?’

‘बस,’ मी म्हणालो, ‘दहा मिनिटं.’