नेपोलियनला थंडीने हरवलं म्हणे!

रशियावर हिवाळ्यात चढाई करायची नाही, नेपोलियनने केली, हिटलरने केली, दोघांची फौज गोठून मेली, हे वाक्य व्हॉट्सॲपवर आणि रीलमध्ये सारखं फिरत असतं. त्याला एक शेपूट पण असतं, की रशियन काही लढलेच नाहीत, नुसते मागे मागे सरकत राहिले आणि बाकीचं सगळं जनरल विंटरने, म्हणजे रशियाच्या हिवाळ्याने, केलं. ऐकायला भारी आहे, म्हणूनच चालतं. पण एकेक मुद्दा धरून बघितलं तर यातलं फार थोडं शिल्लक राहतं.

आधी तारीख. नेपोलियनच्या फौजेने रशियाच्या हद्दीवरची नेमान नदी ओलांडायला सुरुवात केली २४ जून १८१२ ला, आणि हिटलरचा हल्ला २२ जून १९४१ चा. जून! हिवाळ्याच्या आत सगळं उरकायचं असा दोघांचाही हिशेब होता, तो फसला ही गोष्ट वेगळी. पण "हिवाळ्यात चढाई" तर कोणीच केली नव्हती.

आता फौज गोठून मेली हा मुद्दा. याच्यासोबत बहुतेक वेळा तो प्रसिद्ध नकाशा टाकलेला असतो, शार्ल मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८६९ मध्ये काढलेला, जाड पट्टा मॉस्कोकडे जातो, काळी बारीक पट्टी परत येते आणि खाली तापमान दिलेलं असतं. लोक हा थंडीचा पुरावा म्हणून टाकतात, अहो पण नीट बघा की, पट्टा बारीक होतोय तो जातानाच! नेमानला ४,२२,००० आणि मॉस्कोत पोचले १,००,०००. आणि तापमानाची रेघ फक्त परतीच्या वाटेखाली आहे, जातानाचा ऊन-पाऊस त्यात नाहीच. हे मधले सव्वातीन लाख सगळे मेले असं मी म्हणत नाहीये, त्यात बऱ्याच तुकड्या बाजूला वळवलेल्या आणि मागच्या शहरांत बंदोबस्ताला ठेवलेल्या होत्या. तरी जे मेले, आजारी पडले, पळून गेले त्यांचा आकडा प्रचंड आहे आणि तो उन्हाळ्यातला आहे.

कशाने झालं हे? मुख्यतः पोटाने. नेपोलियनने रसदेची तयारी केलीच नव्हती असंही काही जण लिहितात, ते साफ चूक, उलट त्याच्या आधीच्या कुठल्याही मोहिमेपेक्षा जास्त तयारी याच वेळी होती, डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) मोठे साठे होते, शिपायाच्या पाठीवर ४ दिवसांचा आणि गाड्यांवर २० दिवसांचा शिधा असा हिशेब होता. पण त्या गाड्या पश्चिम युरोपातल्या चांगल्या रस्त्यांसाठी ठीक होत्या, लिथुआनियातल्या कच्च्या वाटांवर जूनअखेर वादळी पाऊस झाला आणि सगळं चिखलात रुतलं. घोड्यांना दाणावैरण नाही म्हणून शेतातलं कोवळं हिरवं राय (rye, गव्हासारखं धान्य) चारलं, त्याने पोटशूळ उठून घोडी पटापट मरायला लागली, विल्नाला (आजचं विल्नियस) पोचेपर्यंतच हजारोंनी गेली, आणि घोडा मेला की गाडी थांबते, गाडी थांबली की माणूस उपाशी. मग शिपाई गावं लुटायला रांगेतून बाहेर पडणार, त्यातले निम्मे परत येणारच नाहीत. वर ऊन, घाण पाणी, हगवण, उवांमधून पसरणारे ताप. विल्नात २००१ मध्ये या फौजेची सामूहिक कबर सापडली, तिथल्या सांगाड्यांच्या दातांत उवांमुळे होणाऱ्या रोगांच्या जंतूंचे अंश मिळालेत. ही मंडळी परतीच्या वाटेवर, डिसेंबरच्या थंडीत मेली हे खरंय, पण ती आधीच किती पोखरलेली होती ते त्यावरून कळतं.

"रशियन लढलेच नाहीत." हे वाचलं की मला खरंच राग येतो. १६ ते १८ ऑगस्ट स्मोलेन्स्क, आणि ७ सप्टेंबरला बोरोदिनो, जिथे एका दिवसात फ्रेंचांच्या बाजूचे साधारण ३० हजार आणि रशियनांचे ४० हजारांच्या वर मेले किंवा जखमी झाले. रशियन सेनापती बाग्रातिओन तिथेच जखमी होऊन पुढे वारला. आणि मागे हटण्याबद्दल म्हणाल तर तो काही सगळ्यांनी ठरवलेला मास्टरप्लॅन वगैरे नव्हता, रशियन सेनापती बार्क्ले दि तोल्लीने हटत राहायचं धोरण धरलं म्हणून त्याला स्वतःच्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या, शेवटी त्याच्या वर सरसेनापती म्हणून कुतुझोव्हला आणलं, आणि त्यानेही बोरोदिनोनंतर तेच केलं, मॉस्को सोडून दिलं!

मॉस्कोत नेपोलियन शिरला १४ सप्टेंबरला. शहर जळालं. आणि हा माणूस तिथे पाच आठवडे बसून राहिला, कारण झार अलेक्झांडर तहाला येईल अशी आशा, कुतुझोव्हकडे आपला दूत लोरिस्तों याला पाठवून पण झालं, उत्तर काही नाही. हवा तेव्हा छान होती. १८ ऑक्टोबरला रशियनांनी नेपोलियनचा घोडदळाचा सेनापती म्युरा याच्यावर अचानक हल्ला केला, मग १९ ला हे निघाले, लुटीने भरलेल्या गाड्या घेऊन. दक्षिणेकडे कालुगाच्या बाजूने जायचं होतं, तिकडे धान्य होतं, पण २४ ऑक्टोबरला मालोयारोस्लावेत्सला रशियन आडवे आले, गाव पुन्हा पुन्हा हातातून गेलं आणि परत घेतलं, आणि नेपोलियनने लढाईनंतर वळून परत तीच जुनी स्मोलेन्स्कची वाट धरली, येताना आपणच चाटून पुसून साफ केलेली. माझ्या मते मोहीम इथे संपली. तेव्हा बर्फ पडायचा होता अजून.

थंडीने काहीच केलं नाही असं म्हणणं पण फेकूगिरी होईल. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ती आली आणि भयानक होती. डिसेंबरात फ्रेंच जनरल लुआझोंची ताजी डिव्हिजन विल्नाहून पुढे मदतीला पाठवली, तिचे हजारो लोक काही दिवसांतच थंडीने गेले, लढाई न करता. कुतुझोव्हची स्वतःची फौजही पाठलागात निम्म्याहून खाली आली, म्हणजे हा जनरल विंटर रशियनांच्या पगारावर वगैरे नव्हता. पण त्यातही माणसाचा हात आहेच. बर्फासाठी टोकदार नाल लागतात, ते फ्रेंच घोड्यांना मारलेलेच नव्हते, नेपोलियनच्या तबेल्याचा प्रमुख कोलँकूर याने बादशहाच्या तबेल्यातल्या घोड्यांना मारून घेतले होते आणि ती घोडी टिकली. सोय होती, करून घेतली नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे परतीच्या वाटेवरची बेरेझिना नदी. फौजेचा सगळ्यात वाईट प्रसंग हाच, २६ ते २९ नोव्हेंबर. नदी गोठलेली असती तर चालत पार झाले असते! मध्येच हवा उबदार झाल्याने बर्फ वितळला, पाण्यात तुकडे वाहतायत, पलीकडे रशियन सेनापती चिचागोव्हची फौज, आणि पूल बांधायचं सामान थोड्याच दिवसांपूर्वी ओर्शाला जाळून टाकायचा हुकूम खुद्द नेपोलियनने दिलेला. जनरल एब्लेने भाते, कोळसा आणि हत्यारं तेवढी वाचवून ठेवली होती, त्यावर आणि गावातली घरं पाडून काढलेल्या लाकडांवर स्तुद्यांकाला दोन पूल उभे राहिले. त्याचे पोंटोनिअर (पूल बांधणारे शिपाई), त्यात डच बरेच, छातीपर्यंत पाण्यात उभे राहून काम करत होते, त्यातले फार थोडे वाचले. एब्ले स्वतःही महिन्याभरात गेला. मिनारच्या नकाशात इथे ५०,००० चे २८,००० होतात.

हिटलरचं थोडक्यात. नोव्हेंबर १९४१ संपेस्तोवर, म्हणजे खरा कडाका पडायच्या आत, पूर्व आघाडीवर मेलेले, जखमी आणि बेपत्ता जर्मन सात लाखांवर गेले होते. ते काय स्वेटर नव्हते म्हणून?

आणि "हिवाळ्यात रशिया कोणी जिंकत नाही" हे वाक्यही टिकत नाही. मंगोल आले ते १२३७ च्या हिवाळ्यातच, गोठलेल्या नद्यांचे रस्ते करून, आणि फेब्रुवारी १२३८ मध्ये व्लादिमीर पडलं. फेब्रुवारी १९१८ मध्ये जर्मन फौजा रेल्वेलाइन धरून दोन आठवड्यांच्या आत इतक्या पुढे घुसल्या की ३ मार्चला बोल्शेविकांनी ब्रेस्त-लितोव्स्कला तहावर सही केली. उलट स्वीडनचा बारावा चार्ल्स १७०९ मध्ये पोल्तावाला हरला तो उन्हाळ्यात.

मग ही थंडीची गोष्ट आली कुठून? खुद्द नेपोलियनकडून. ३ डिसेंबर १८१२ चं त्याचं २९ वं बुलेटिन (फौजेचं जाहीर पत्रक), मोलोदेच्नोहून काढलेलं, त्यात सगळं खापर थंडीवर आहे, घोडी मेली, तोफा सोडाव्या लागल्या वगैरे. पण त्याच बुलेटिनमध्ये असंही लिहिलंय की ६ नोव्हेंबरपर्यंत हवा उत्तम होती. शेवटची ओळ, बादशहांची तब्येत इतकी चांगली कधीच नव्हती. दोन दिवसांनी स्मोर्गोनला फौज म्युराच्या हवाली करून बादशहा स्लेजमधून पॅरिसला निघून गेले.