चाळीसपैकी अकरा

मंगळवारी भर सदाशिव पेठेत एका परक्या आजोबांनी मला भूमितीत नापास केलं.

चिरंजीव दहावीला. गणित भाग २ चा पेपर होता. साडेदहाला पोरं आत गेली आणि आम्ही पालक बाहेर, झाडाच्या वीतभर सावलीत एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे. आजोबा मात्र घडीची खुर्ची घेऊन आले होते. नातीला सोडायला. मांडीवर बालभारतीचं भूमितीचं पुस्तक, त्यात तीन रंगांच्या खुणा.

"प्रमाणाचं मूलभूत प्रमेय सांगा."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"आजोबा, मी कॉमर्सची."

"दहावीला कॉमर्स नसतं. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असणारी रेषा..." इथे ते थांबले, वर्गाने पुढचं कोरसमध्ये म्हणावं म्हणून. माझ्या शेजारच्या हेल्मेटवाल्या बाबांनी ते लगेच म्हटलंही, "...उरलेल्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते!"

"शाब्बास!"

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मग तोंडी परीक्षा सुरू झाली. मुलगा झोपतो कधी? एक वाजता. आणि तुम्ही? मीपण, त्याला कॉफी करून देते. "कॉफी! वजा दोन." मोबाइल कुणाकडे असतो? त्याच्याकडेच, क्लासच्या नोट्स त्यावरच येतात. वजा तीन. निघताना दहीसाखर दिलीत? दिली. त्याचा एक मार्क मिळाला, तोही त्यांनी खूप विचार करून दिला. शेवटी निकाल: "चाळीसपैकी अकरा. पास व्हायला चौदा लागतात." हेल्मेटवाल्याला छत्तीस. तो चक्क लाजला!

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण गेलं वर्षभर मला जो तो मार्क देतोय. वॉचमन विचारतो, "यंदा दहावी ना?" नणंद फोनवर बदाम भिजवायला सांगते. नवरा घराला शिस्त म्हणून मॅच आवाज बंद करून बघतो, विकेट पडली की ओरडतो मात्र स्वतःच. डिसेंबरात शाळेने पालकांची सभा घेतली. समुपदेशक बाईंनी गोड आवाजात सांगितलं, मुलाला आठ तास झोपू द्या, तुलना करू नका, पेपर कसा गेला हे मुळीच विचारू नका. सभा संपल्यावर दारातच सराव परीक्षांचं वेळापत्रक हातात ठेवलं. रोज सकाळी सातला, रविवारसकट. संध्याकाळी क्लास आहेच. आठ तास झोपायचे कधी, हे त्या वेळापत्रकात कुठेच नव्हतं. ते बहुधा आईने बघायचं. आणि तीन तास उन्हात उभ्या राहणाऱ्या पालकांसाठी साधा पाण्याचा पिंप ठेवावा, हे कुठल्याच समुपदेशनात येत नाही.

पेपर दोन तासांचा, पण बोर्डाने शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. मुलांना ती कमी पडतात म्हणे. आम्हाला पुरून उरली. आजोबांचं महत्त्वमापन त्यातच उरकलं.

सव्वाला चिरंजीव आला. चेहरा कोरा. मी ओठ मिटून पाण्याची बाटली पुढे केली. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले.

"बाळा, प्रमाणाचं मूलभूत प्रमेय आलं होतं का रे?"

"नाही आजोबा."

मी हेल्मेटवाल्याकडे बघितलं. अगदी सावकाश बघितलं.

"कोण गं ते?" स्कूटरवर बसताना त्याने विचारलं.

"कुणी नाही."

टिळक रोडच्या सिग्नलला नव्वदचा आकडा लागला होता. पंचवीस उरेपर्यंत मी गप्प होते.