तिथी बघायची कवायत

अकोल्याला आमच्या घरी सकाळी साडेसहाला कोणी आलं तर बाबा बनियनवर आरशासमोर उभे राहून दोन्ही हात वर करून हलवताना दिसतील. घाबरू नका, बाबा ठणठणीत आहेत. ते तिथी बघतायत.

झालं असं की मला स्मार्ट आरसा बनवायचं खूळ लागलं. मायकेल टेऊ नावाच्या एका डच माणसाने २०१४ साली हा उद्योग सुरू केला आणि त्याचं मॅजिकमिरर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे माझ्यासारख्यांची सोय झाली. माळ्यावरचा जुना मॉनिटर, त्याच्यापुढे एका बाजूने आरसा दिसणारी काच, मागे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर, आणि आरशात आपल्या तोंडाच्या आजूबाजूला तापमान, बातम्या, आईसाठी तिथी. घरच्यांनी कौतुकही केलं, अगदी रात्र होईपर्यंत.

कारण उन्हाळ्यात कूलर हॉलमध्ये, म्हणून आम्ही सगळेच हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतो, आणि आरसा रात्रभर निळसर उजेड पाडत बसलेला. बाबांनी वीजबिलाचा विषय काढला. मी हिशोब केला, २० वॅटचा मॉनिटर चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. हा आकडा मी त्यांना सांगायला नको होता.

मग हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर आणला, तो पांढऱ्या अर्धगोल टोपीचा. समोर माणूस आला की स्क्रीन चालू, गेला की बंद, इतकं साधं काम. मी तो काचेच्या मागे छान लपवून बसवला आणि एक अख्खा रविवार समोर येरझाऱ्या घातल्या. काही नाही. वायरी बदलल्या, पिना बदलल्या, आणि संध्याकाळी कळलं की आपल्या अंगातून निघणारी उष्णतेची किरणं साध्या काचेतून जातच नाहीत. म्हणजे मी त्याला डोळ्यावर पट्टी बांधून पहाऱ्यावर बसवलं होतं. शेवटी सुतारकाकांकडून फ्रेमला भोक पाडून टोपी बाहेर काढली, तर आता येणारा प्रत्येक पाहुणा ती बेल समजून दाबतो.

पुढची भानगड म्हणजे याला माणूस दिसत नाही, समोरच्या उष्णतेत झालेला बदल दिसतो. तुम्ही स्थिर उभे राहिलात की त्याच्या लेखी घरात कोणी नाही. त्याच्या पाठीवर दोन बारके पिवळे स्क्रू असतात, एकाने किती लांबचं दिसेल ते ठरतं, साधारण ३ ते ७ मीटर, आणि दुसऱ्याने किती वेळ चालू राहील ते, ३ सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत. माझ्याकडून वेळ पार खाली गेला होता. बाबा बातमी वाचायला लागायचे, 'मुख्यमंत्र्यांनी आज' इथपर्यंत यायचे आणि अंधार. "काहून बे, हे काहून बंद पडलं?" मग हात हलवायचा, पुढचे चार शब्द, परत हात. मी दाढी करताना अर्धी झाली की मान हलवायचो, त्याची खूण अजून हनुवटीवर आहे.

वेळ वाढवला, लांबी वाढवली, तर कूलरच्या वाऱ्याने पडदा हलला की रात्री दोनला आरसा जागा. पालीने मात्र कधी त्रास दिला नाही, ती थंड रक्ताची, भिंतीइतकीच गरम, सेन्सरला तिचं काही देणंघेणं नाही. (बायकोचं म्हणणं, उलटं असतं तर निदान उपयोग तरी झाला असता.) मध्येच सिस्टिम अपडेट केली तर स्क्रीन बंद करायची जुनी कमांडच चालेना, नुसतं 'नो सिग्नल' लिहिलेली चौकट रात्रभर इकडून तिकडे फिरत राहिली आणि आई उठून म्हणाली, "अरे बाप्पा, हे काय फिरून राहिलं?"

ते सगळं निस्तरलं, आणि मे उजाडला.

अकोल्याचा मे सांगायला नको. दुपारी बाहेर ४४, कूलरचं पाणी संपलेलं, हॉलच्या भिंती हात लावला तर अंगाइतक्याच गरम. आणि सेन्सरला तर फरकच लागतो! भिंत आणि बाबा एकाच तापमानाचे झाल्यावर त्याने बाबांची दखल घेणं सोडलं. बाबांनी हात हलवले, बसून उठले, मग शेवटी टॉवेल फिरवला. काही नाही. "म्हणजे मी भिंत का?" असं ते म्हणाले आणि रागारागाने फ्रिजमधून पाण्याची बाटली घेऊन परत आरशासमोरून गेले, तर स्क्रीन लखकन चालू! गरम असो की गार, मागच्या भिंतीपेक्षा वेगळं काहीतरी हललं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

तेव्हापासून दुपारची तिथी बाटलीवर बघतात. बाबा फ्रिज उघडतात, बाटली काढतात, आरशासमोर ओवाळल्यासारखी फिरवतात, वाचतात, वर पाणी पिऊन रिकामी ओट्यावर ठेवून देतात. घरात प्यायला गार पाणी राहत नाही म्हणून आईने माझ्याकडून तिथीच्या खाली एक कायमची ओळ टाकून घेतलीय: बाटली भरून ठेवा. ती वाचायला सुद्धा बाटलीच लागते.