जपानचा पेटाबिट विक्रम आणि ‘आपण १.६ कोटी पट मागे’ हा हिशोब

जपानच्या एनआयसीटी या सरकारी संशोधन संस्थेने सुमितोमो इलेक्ट्रिकसोबत २०२५ मध्ये १.०२ पेटाबिट (एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट) प्रति सेकंद वेगाने १,८०८ कि.मी. डेटा पाठवला. ही बातमी अजून फिरतेय, आणि सोबत दोन वाक्यं ठरलेली: ‘अख्खं नेटफ्लिक्स एका सेकंदात डाउनलोड’ आणि ‘भारत १.६ कोटी पट मागे’. दुसऱ्या वाक्याचा मला खरंच राग येतो. त्यातून विक्रमही कळत नाही आणि आपली अडचणही.

हा १.६ कोटी आला कुठून? पेटाबिटला आपल्या सुमारे ६४ एमबीपीएस सरासरीने भागलं, झालं! एकीकडे लांब पल्ल्याच्या मुख्य लाइनची अख्खी क्षमता, दुसरीकडे एका ग्राहकाचं कनेक्शन. टोकियोतल्या घरातही १ किंवा १० जीबीपीएसचंच कनेक्शन घेतात. आणि नेटफ्लिक्सचं म्हणाल, तर १.०२ पेटाबिट म्हणजे सेकंदाला १२७.५ टेराबाइट. सेकंदाला ५ जीबी लिहिणाऱ्या एसएसडीला (संगणकाच्या वेगवान डिस्कला) तेवढं उतरवून घ्यायला सात तास लागतील, तेही जागा पुरली तर.

कौतुक करायचं ते काचेच्या त्या तंतूचं. त्याची बाहेरची जाडी ०.१२५ मि.मी., म्हणजे आज रस्त्याखाली पुरलेल्या फायबरइतकीच. फक्त आत एकाऐवजी १९ गाभे, म्हणजे प्रकाश जाण्याच्या १९ वाटा. इतके जवळ म्हटल्यावर एकातला प्रकाश दुसऱ्यात शिरणारच. तो अडवत न बसता त्यांनी तो मिसळू दिला आणि पलीकडे गणिताने १९ प्रवाह वेगळे केले. प्रयोग लॅबमध्येच झाला: ८६.१ कि.मी.च्या वेटोळ्यांतून सिग्नल २१ वेळा फिरवला. जाडी तीच ठेवण्याला महत्त्व आहे, कारण जाड तंतू वाकवताना मोडतो आणि केबल बनवायची सगळी पद्धत बदलावी लागते. हे तंत्र आधी समुद्राखालच्या केबलमध्ये येईल, तुमच्या जिन्यात नाही.

जिन्यात येतं ते बहुतेक ठिकाणी जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत. कंपनीच्या एका पोर्टवर २.४८८ जीबीपीएस डाउनलोड, १.२४४ अपलोड, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं. २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन फोनवर ४० दिसत असतील तर आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून मोजा. केबलवर पूर्ण वेग आला, तर दोष वायफायचा: फोन २.४ गिगाहर्ट्झवर अडकलाय, तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (१, ६, ११) आणि बिल्डिंगमधले सगळे राउटर त्यांवरच. ५ गिगाहर्ट्झला जोडा. केबलवर नेमके ९४-९५ येत असतील, तर पोर्टच १०० चा आहे किंवा केबल गेलीय. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एक तार कनेक्टरमध्ये नीट दाबून बसली (क्रिम्प झाली) नसेल तरी लिंक गुपचूप १०० वर उतरते, आणि बिल मात्र २०० चं चालू राहतं.

लाइनच अडखळत असेल तर ओएनटीच्या (घरात फायबर जिथे जोडतात त्या डब्याच्या) सेटिंग पेजवर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे तिथवर पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (हे तिचं माप) ठीक, उणे २७ च्या खाली गेलं की कटकट सुरू. एका फायबरचा प्रकाश ३२ घरांत वाटणारा १:३२ चा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी खातो, तर तीन कि.मी. फायबर जेमतेम एक. म्हणून ‘एक्स्चेंज लांब आहे’ हे कारण सहसा पटत नाही. नुकसान होतं कपाटामागे दुमडलेल्या वायरीत, मळलेल्या कनेक्टरमध्ये, किंवा हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसला की. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, ते निळ्याच्या टोकाला बसतच नाही. टोक शर्टाला पुसू नका. धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. आणि टोकात डोळा घालून बघू नका, तो लेझर दिसत नाही.

लंडनच्या मुलीशी बोलताना आवाज मागून येतो, त्यावर मोठा प्लॅन हा उपाय नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख कि.मी. जातो. मुंबई-लंडन समुद्रमार्गे दहा हजार कि.मी.च्या वर, म्हणजे जाऊन-येऊन शंभर मिलिसेकंद गेलेच. पेटाबिटनेही ते कमी होत नाहीत. वर घरात कुणी फोटोंचा बॅकअप लावला असेल तर अपलोड भरतं आणि पिंग (सिग्नल जाऊन-यायला लागणारा वेळ) आणखी चढतो. कॉलपुरता बॅकअप थांबवा, नाहीतर राउटरच्या क्यूओएसमध्ये (कशाला किती वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर लगाम घाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतातलंही इंटरनेट मंदावलं. एका तंतूत कितीही गाभे घाला, सगळ्या केबल त्याच चिंचोळ्या समुद्रातून गेल्या तर एका नांगराने त्या एकदम जाऊ शकतात. मला विक्रमापेक्षा वेगळ्या वाटांच्या केबल हव्यात. आणि घरापुरतं, नवं कनेक्शन घेताना अपलोडचा वेग लेखी मागा, इन्स्टॉलेशन झाल्यावर आरएक्स पॉवरचा फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करताना ‘आधी उणे १९ होतं, आता उणे २६ आहे’ एवढं सांगितलं, की ‘राउटर बंद करून चालू करा’वर बोळवण करणं अवघड जातं.